सतरा नंबरची लादी

मे महिन्यात आम्ही रात्रपाळीच मागून घेतो.
दिवसा जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याला हात लावला
तर हात तिथंच राहतो.
एरवी इथून चटया निघतात, लाल-हिरव्या,
मोर काढलेल्या, आहेरात गुंडाळून द्यायच्या.
या आठवड्यात मोर बंद.
चाळीस लाद्या, पांढऱ्या, चार बोटं जाड.
रंग नाही, जुना माल मिसळायचा नाही,
आत बुडबुडा नको, केससुद्धा नको.
कागदावर एवढंच: अंतराळयान, आडोसा, चाचणीसाठी.

मी तपासणीवाली. सुपडूकाका प्रेसवर, चौतीस वर्षं.
जेवणाच्या सुट्टीत कळण्याची भाकरी मोडत
त्यांनी विचारलं,
“कोनापाईन दपाडानं शे तिले?”
(वर जाणारी बाई आहे असं मी म्हटलंच नव्हतं.
ते त्यांनीच ठरवलं.)

सांगितलं जमेल तसं.
कुठंतरी एक तारा फुटलेला असतो,
आपल्या गावाआधी, गिरणेच्याही आधी.
त्याचे कण अजून धावतायत.
वास नाही, आवाज नाही, चटका नाही.
डोळे मिटले तरी आत ठिणगी दिसते म्हणे.
इथं आपल्यावर हवेचं धाबं आहे, चांगलं जाड, लिंपलेलं.
तिथं धाबं नाही.
सात महिने जायला, तेवढेच यायला,
आणि सगळा वेळ हाडांतून ही चाळण.

“मंग शिसं लावा ना. दवाखानामा लावतस तसं.”

शिसं नाही चालत, काका.
जडावर तो कण आपटला की जडाच्याच ठिकऱ्या उडतात,
त्या जास्त लागतात.
हलकं हवं. जितकं हलकं तितकं बरं.
पाणी. मेण.
हा आपला चटईचा दाणा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
ठेचा संपला, भाकरीचा पापुद्रा उरला.
मग म्हणाले,
“मायनी माले सुपडामा टाकं.
कोंडाना भावे इकं.
म्हनीसन मी शे.”

आधीचे तीन गेलेले.
चौथ्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं,
शेजारणीनं मूठभर कोंडा मोजून विकत घेतलं
आणि पाजायला परत आईकडे दिलं.
नेणारा आला असेल, वाकला असेल,
हा तर कोंडा, म्हणाला असेल.
अठ्ठावन्न वर्षं झाली त्याला.

पहाटे तीनला सतरा नंबर दिव्यासमोर धरली.
आत काळा ठिपका, तिळाच्या टोकाएवढा.
भूस असेल, माशीचा पाय असेल,
कुणाच्या डब्यातला कण असेल.
लाल खडूनं फुली मारली.
बदली दाबली, चाळीस भरल्या.
गाडीच्या चलनावर शेठच्या मुलानं सवयीनं लिहिलं: चटई.
कुणी खोडलं नाही.

परवा मेहरूणला त्यांच्या घरी गेले होते, दुपारी दोनला.
बाहेर शेहेचाळीस. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
फुली मारलेली लादी मोरीपाशी,
तिच्यावर माठ,
आणि माठाला पाठ टेकून
काका उघड्या फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन.

सूर्यावर वादळ उठलं की तिलाही असंच करावं लागेल.
शिधा ठेवतात त्या खोलीत शिरायचं,
पाण्याच्या पिशव्या भोवती रचायच्या,
अंगाचं मुटकुळं करायचं,
दिवस, दीड दिवस,
गेलं, असं कुणी सांगेपर्यंत.

मी दारातच उभी होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं,
“तिनं नाव काय शे?”

माहीत नाही, काका.
काहीतरी छानच असेल.

च्यक्, असं केलं त्यांनी
आणि कूस बदलली.